‘बों दिया’ म्हणायला पैसे पडतात का?

या विकांताला काहीतरी हलकंफुलकं खरडायचं ठरवलं होतं. बाहेर पाऊस, घरात ओल (लिस्बनमधल्या बहुतेक जुन्या घरांना सेंट्रल हीटिंग नसतं, हे युरोपात येणाऱ्याला कुणीच सांगत नाही), कोपऱ्यात डीह्युमिडिफायर घुरघुरतोय, हातात आल्याचा चहा... एकंदर वातावरण ललित लेखाचं. पण गेले आठ दिवस एक गोष्ट डोक्यात गेलीये ती बाहेर यायला तयार नाही. तेव्हा आज भांडण. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून म्हणू नका.

झालं असं, की इथल्या मराठी मंडळींचा एक व्हॉट्सॅप ग्रुप आहे. त्यावर पुण्याहून एका मुलाने प्रश्न टाकला : "कंपनी लिस्बनला पाठवतेय. बायको आणि पाच वर्षांची मुलगी बरोबर येणार आहेत. पोर्तुगीज शिकून यावं लागेल का?"

साधा, शहाणा प्रश्न. दहा मिनिटांत उत्तरांचा पाऊस.

"अजिबात नको रे. इथे सगळ्यांना इंग्लिश येतं."

"तो वेळ क्लाउड सर्टिफिकेशनला दे."

"पाच वर्षं काढायची, पासपोर्ट घ्यायचा, सुटायचं. भाषा कशाला?"

आणि त्यातलं सगळ्यात भारी : "मी सहा वर्षं आहे इथे. ‘ओब्रिगादु’ सोडून एक शब्द येत नाही. काहीही अडलं नाही!" पुढे हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या तीन स्मायल्या.

आता गंमत बघा. हे सहा वर्षंवाले आमचे मित्र (मित्रच आहेत, म्हणून तर एवढं लिहितोय) २०२५ च्या जूनमध्ये काय करत होते? महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला होता, सरकारने अखेर २९ जूनला तो निर्णय मागे घेतला. त्या महिन्यात ह्यांनी याच ग्रुपवर दिवसाला पाच-पाच पोस्टी टाकल्या. बँकेतल्या कारकुनाला मराठी येत नाही म्हणजे काय? दहा वर्षं पुण्यात राहून भाजी मराठीत मागता येत नाही म्हणजे काय? ज्या मातीत राहता, त्या मातीची भाषा शिकायला लाज वाटते का?

मी त्या पोस्टींना अंगठे दिले होते. आजही देईन. माझं भांडण त्या पोस्टींशी नाहीच. माझं म्हणणं एवढंच, की साहेब, तोच आरसा जरा स्वतःकडे फिरवा.

अजून एक कबुली देऊन टाकतो. मी काही जन्मजात शहाणा नाही. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये इथे आलो, तेव्हा पहिली दोन वर्षं मी हाच माणूस होतो. सेम टू सेम. त्यामुळे पुढे जे काही टोचेल, ते आधी मला टोचून झालंय.

आता मुद्द्यांना एकेक करून हात घालू.

मुद्दा पहिला : "सगळ्यांना इंग्रजी येतं."

अर्धं खरं आहे. लिस्बनमधल्या तरुण मुलामुलींचं इंग्रजी छान असतं. इथे परदेशी सिनेमे आणि मालिका डब न करता सबटायटल्सवर दाखवतात, त्यामुळे लहानपणापासून कानावर पडतं. हापिसात तर प्रश्नच नाही, कोड रिव्ह्यूपासून चहाच्या गप्पांपर्यंत सगळं इंग्रजीत.

पण ‘सगळे’ म्हणजे कोण हो? तुमच्या हापिसातले, कॅफेतले आणि पंचतारांकित हॉटेलातले. तुमच्या बिल्डिंगमधल्या पंचाहत्तरीच्या आजींचं काय? त्या शाळेत जायच्या वयाच्या होत्या तेव्हा देशात सालाझारची हुकूमशाही होती. १९७० च्या जनगणनेत दर चारांतला एक माणूस निरक्षर होता. ज्यांना परकी भाषा शिकायला मिळाली, त्यांना बहुतेक करून फ्रेंच मिळाली. कर खात्याच्या कार्यालयात काचेपलीकडे बसलेली बाई, सरकारी आरोग्य केंद्रातली नर्स, घर गळतंय म्हणून येणारा प्लंबर, मुलीच्या बालवाडीतल्या सांभाळणाऱ्या मावशी... ह्यांना इंग्रजी येत असेल तर तो त्यांचा मोठेपणा. न येणं हा त्यांचा दोष कसा काय?

"काही अडलं नाही" म्हणणाऱ्याचं खरंच अडत नाही, कारण अडलेलं दुसरं कुणीतरी सोडवतं. कंपनीचा रिलोकेशनवाला. एजंट. पोर्तुगीज सहकारी, जो जेवणाच्या सुट्टीत तुमच्या वतीने वीज कंपनीला फोन लावतो. आणि (हे मी डोळ्यांनी पाहिलंय) आपली सात वर्षांची मुलगी. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांची मुलगी इथल्या शाळेत जाते, फाडफाड पोर्तुगीज बोलते. वडिलांना पोटात दुखतं म्हणून डॉक्टरकडे गेले, तर दुभाषी कोण? ती. "बाबा, डॉक्टर विचारतायत शी करताना रक्त पडतं का." सात वर्षांची पोर. ती घरी येऊन रात्रभर झोपली नाही, बाबाला काय झालंय या काळजीने. बाबांचं काही अडलं नाही!

मुद्दा दुसरा : "आपण काय पाच वर्षांसाठीच आहोत."

ही पाच वर्षं म्हणजे नागरिकत्वाच्या अर्जासाठी लागणारी वास्तव्याची जुनी अट. कित्येकांनी पोर्तुगाल निवडलंच या आकड्यासाठी. मग २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये संसदेने ही मुदत आपल्यासारख्यांसाठी दहा वर्षांवर नेणारा कायदा संमत केला. डिसेंबरमध्ये घटनात्मक न्यायालयाने त्यातल्या काही कलमांवर बोट ठेवलं. ग्रुपवर कित्येक आठवडे दुसरा विषय नव्हता. काय तो संताप, "आमच्याशी दगाफटका झाला" वगैरे!

मीही चिडलो होतो. खेळ अर्ध्यावर आल्यावर नियम बदलू नयेत, हे मान्य. निवास परवान्यांच्या सरकारी कारभाराने तर आधीच जीव खाल्लेला आहे. २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस जुनं खातं मोडून ‘आयमा’ नावाचं नवं काढलं, आणि त्याला वारशात मिळाली चार लाखांच्या घरातली तुंबलेली प्रकरणं. सगळं खरं. पण त्या रागाच्या भरात कुणाच्या तोंडून एक वाक्य ऐकलं नाही : "मी इथला नागरिक व्हायला निघालोय, तर मला इथलं काय येतं?" नागरिकत्वाला भाषेची पातळी लागते ती ए-टू. म्हणजे बाजारात भाजी घेणं, डॉक्टरला दुखणं सांगणं, शेजाऱ्याला आपलं नाव-गाव सांगणं. बस. तेवढ्यासाठीही आमचे लोक शेवटच्या तीन महिन्यांत जुन्या प्रश्नपत्रिका पाठ करतात, बारावीला केमिस्ट्रीची गाइडं पाठ केली होती तशीच. परीक्षा संपली की पाटी कोरी.

आणि पाचाची दहा झाली, तर ‘तात्पुरतं’ हा शब्द तरी कुठल्या तोंडाने वापरायचा? दहा वर्षांत तुमच्या मुलीचं अख्खं बालपण होतं.

मुद्दा तिसरा : "यांनी गोव्यात काय केलं ते विसरलास का?"

हा मुद्दा जरा उशिरा, रात्री साडेअकराच्या सुमारास, दोन ग्लासांनंतर येतो. विसरलो नाही. साडेचारशे वर्षं राज्य केलं. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने कोंकणी बंद करण्याचं फर्मान काढलं, लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी म्हणून. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, त्याचा अभिमान मलाही आहे.

पण मग इंग्रजी कुणाची? जालियनवाला बागवाल्यांची भाषा आपण कॉन्व्हेंटात फिया भरून शिकलो आणि आज तिच्या जिवावर पोर्तुगीज आजींना "नो पोर्टुगीज, सॉरी" म्हणतो. राग असा सोयीने वाटून घेता येत नाही राव.

शिवाय आपल्या भाषेने हा हिशेब कधीच मिटवलाय. पाव, बटाटा, चावी, पगार, लिलाव, परात, घमेलं, फीत, अननस, काजू, नाताळ, पाद्री... ही यादी तुम्हाला फॉरवर्डमध्ये येऊन गेली असेल. ह्या विषयावर गोव्याचेच एक संशोधक, मोंसेन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी १९१३ मध्ये आख्खं पुस्तक काढलंय, आशियाई भाषांतले पोर्तुगीज शब्द गोळा करून. हे गृहस्थ लिस्बनमध्ये संस्कृत शिकवायचे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडचा माणूस इथे येऊन ह्यांना संस्कृत शिकवत होता, आणि आपण येऊन काय करतोय, तर ‘ओब्रिगादु’!

त्यातली ‘चावी’ माझी लाडकी. आज लिस्बनमध्ये ह्या शब्दाचा उच्चार ‘शाव्’ असा होतो. पण सोळाव्या शतकात तो ‘च’ने व्हायचा. खलाशांनी तो तसा कोकणात आणून टाकला, पुढे त्यांच्या राजधानीतला ‘च’ झिजून ‘श’ झाला, आपला तसाच राहिला. म्हणजे लिस्बनचा जुना उच्चार आपल्या आईच्या कमरेच्या जुडग्यात सापडतो. (उत्तर पोर्तुगालच्या काही खेड्यांतही तो अजून ऐकू येतो म्हणा.)

मात्र या यादीच्या भरवशावर राहू नका. मी राहिलो होतो. पहिल्याच आठवड्यात बेकरीत जाऊन मोठ्या आत्मविश्वासाने ‘पाव’ मागितला. बाई आधी गप्प, मग मागे वळून दुसरीला काहीतरी बोलली आणि दोघी फिदीफिदी हसल्या. खुलासा नंतर हापिसात झाला. ब्रेडचा जो पांव असतो तो पार नाकातून काढायचा. नाक न वापरता नुसता ‘पाउ’ म्हटलं तर त्याचा अर्थ लाकडाचा दांडका. आणि दांडक्याला जगातल्या सगळ्या भाषांत जो दुसरा अर्थ असतो तो इथेही आहे. आता बोला!

हसलात? मीही हसलो. पुढचं हसण्यासारखं नाही.

२०२३ च्या डिसेंबरमधली गोष्ट. मी पेन्या द फ्रान्सा भागात एका जुन्या, बिनलिफ्टच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो. खाली तिसऱ्यावर एक आजी-आजोबा. दोन वर्षं रोज जिन्यात भेट. आजी काहीतरी लांबलचक बोलायच्या, मी हसून माझं ठरलेलं वाक्य म्हणायचो : "देश्कुल्प, नांव फालु पुर्तुगेश." माफ करा, मला पोर्तुगीज येत नाही. त्या तरी बोलतच राहायच्या. मला वाटायचं, काय ही म्हातारी, येत नाही सांगितलं तरी बडबडते.

त्या संध्याकाळी मी मीटिंगमध्ये होतो. बेल वाजली. दारात आजी, घरातल्या स्लिपर घालून, भराभरा काहीतरी बोलतायत, हाताने खाली दाखवतायत. मला वाटलं गळती. आमच्या बाथरूममधून त्यांच्याकडे पाणी झिरपतं, त्याची तक्रार आधीही घरमालकाकडून आली होती. मी कानातला हेडफोन दाखवला, "सॉरी, मीटिंग, टुमॉरो," म्हणालो, हसलो... आणि दार लावून घेतलं.

पाच-सात मिनिटांनी परत बेल. ह्या वेळी माझी बिर्याणी घेऊन आलेला डिलिव्हरीवाला, एक नेपाळी पोरगा, धापा टाकत. "भैया, नीचेवाली अम्मा के हसबंड गिर गए हैं. बाथरूम में. उठ नहीं पा रहे." जिन्यात बसून रडणाऱ्या आजी त्याला दिसल्या, त्याने विचारलं, त्यांनी सांगितलं. एवढं सोपं होतं ते.

त्यानेच ११२ ला फोन लावला. आता, ११२ वर इंग्रजी बोलणारे मिळतात, हे मला माहीत आहे. मलाही मिळाले असते. पण मी त्यांना सांगणार काय होतो? काय झालंय तेच मला कळलेलं नव्हतं. तो आजींना विचारत होता, कधी पडले, शुद्ध आहे का, कुठली औषधं चालू आहेत, आणि फोनवर सांगत होता. मोडकंतोडकं, क्रियापदांची पार वाट लावलेलं पोर्तुगीज. पण चालणारं. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत तो थांबला. मधे त्याचा फोन सारखा वाजत होता, पुढची ऑर्डर उशिरा होत होती. त्याचे किती पैसे कापले गेले मी विचारलं नाही. तेवढंही सुचलं नाही.

आजोबांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, काठी घेऊन चालतात आता. वाचले. पण पाच-सात मिनिटं ते थंड फरशीवर पडून होते आणि मी वरच्या मजल्यावर स्प्रिंट प्लॅनिंग करत होतो. "उ मेउ मारीदु काइउ." माझा नवरा पडलाय. चार शब्द. दोन वर्षांत मला चार शब्द आले नव्हते.

त्या पोराला नंतर जिन्यात विचारलं, कुठे शिकलास? तर म्हणाला, इथे दक्षिणेला ओदमीरा म्हणून भाग आहे, तिथे प्लॅस्टिकच्या हरितगृहांत रास्पबेरी तोडायचं काम दोन वर्षं केलं. एका खोलीत आठ जण. मुकादमाच्या शिव्या ऐकत ऐकत आधी शिव्या शिकलो, मग बाकीचं. २०२५ मध्ये इथलं किमान वेतन होतं महिना ८७० युरो. तेवढ्या कमाईच्या आसपास खेळणारा माणूस, दिवसाला दहा-बारा तास राबून, भाषा शिकतो. आणि आम्ही?

आमचं सांगतो. २००९ पासून इथे एक कर-सवलत होती. बाहेरून येणाऱ्या ‘उच्च कौशल्याच्या’ लोकांना दहा वर्षं सरसकट २० टक्के कर. २०२४ पासून नव्यांसाठी ती बंद झाली, पण माझ्यासारखे आधी आलेले तिचा लाभ घेतायत. माझ्या शेजारच्या डेस्कवरचा पोर्तुगीज इंजिनिअर तेच काम करतो आणि ४८ टक्क्यांपर्यंत चढत जाणाऱ्या पायऱ्यांनी कर भरतो. आमच्यासारख्यांना परवडतं म्हणून घरभाडी चढली. ह्याच भाड्यांच्या विरोधात २०२३ च्या एप्रिलमध्ये लिस्बनच्या रस्त्यांवर मोर्चे निघाले. म्हणजे सवलत आम्हाला, ऊन आम्हाला, समुद्र आम्हाला, पास्तेल द नाता आम्हाला. आणि बदल्यात जिन्यात धड एक ‘बों दिया’ नाही. सुप्रभात म्हणायला पैसे पडतात का हो?

मला खरा राग येतो तो इथे. न शिकण्याचा कमी, त्यामागच्या ऐटीचा जास्त. आपण ‘एक्स्पॅट’ आणि तो बिर्याणी आणणारा ‘इमिग्रंट’. आपण शिकलो नाही तर ‘वेळ नाही’, तो शिकला नाही तर ‘अडाणी’.

१९ डिसेंबर २०२४ ला (गोवा मुक्तिदिन, योगायोग) मार्तीं मुनीशजवळच्या रुआ दु बेनफोर्मोझु गल्लीत पोलिसांनी डझनावारी लोकांना भिंतीकडे तोंड करून, हात वर करून उभं केलं आणि झडत्या घेतल्या. बहुतेक बांगलादेशी आणि आपल्या उपखंडातले. ते फोटो देशभर गाजले. लगोलग निषेधाचा मोर्चाही निघाला, आणि त्यात पोर्तुगीज लोक हजारोंनी होते. आमच्या ग्रुपवर प्रतिक्रिया काय? "ती गल्ली आहेच तशी. आपण कुठे जातो तिकडे?" (दर शनिवारी जातो. कोथिंबीर, कढीपत्ता आणि तुरीची डाळ तिथेच मिळते.) २०२५ च्या शरदात एका उजव्या पक्षाच्या नेत्याने "हा काही बांगलादेश नाही" असे फलक चौकाचौकांत लावले. तेव्हाही, "ते त्यांना उद्देशून आहे, आपल्याला नाही."

अहो, फलक लावणाऱ्याला तुमचा सदाशिव पेठ आणि सिल्हेट यातला फरक कळतो असं वाटतं का तुम्हाला? भिंतीकडे तोंड करून उभं केल्यावर सगळ्यांची पाठ सारखीच दिसते.

भाषा आली की वर्णद्वेष संपतो, असं मी म्हणत नाही. त्या भिंतीपाशी उभ्या केलेल्यांत अस्खलित पोर्तुगीज बोलणारेही असणारच. पण भाषा नसली तर तुम्ही काय बोललं गेलंय हेही न समजता हसत उभे राहता. तुमच्या बाजूने कोण बोलतंय तेही कळत नाही. २०२४ अखेर या देशात परदेशी रहिवासी पंधरा लाखांच्या आसपास झाले, एकूण लोकसंख्या जेमतेम एक कोटी सात लाख. एवढा मोठा बदल पचवताना माणसं कुरकुरणार, घाबरणार. त्या कुरकुरीला उत्तर संसदेत कुणी द्यायचं ते देईल. जिन्यात मात्र आपणच द्यायचं असतं.

मुद्दा चौथा : "अॅप आहे की!"

मी सॉफ्टवेअरवालाच आहे, अॅपशी माझं वैर नाही. कर खात्याचं पत्र आलं की मीही आधी फोन त्याच्यावर धरतो. पण जिन्यातली भेट आठ सेकंदांची असते. फोन काढा, अनलॉक करा, अॅप उघडा, आजींना म्हणा "इथे बोला"... तोवर आजी दुसऱ्या मजल्यावर. आणि मुख्य म्हणजे, समोरच्याला काहीतरी महत्त्वाचं सांगायचंय हे कळलं तरच तुम्ही अॅप काढणार. त्या संध्याकाळी माझ्या खिशात तीन अॅपं होती.

असो. पुढचं थोडक्यात सांगतो.

२०२४ च्या सुरुवातीला मी जवळच्या सरकारी शाळेतल्या संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं. ‘स्वागताची भाषा म्हणून पोर्तुगीज’ असं त्या उपक्रमाचं नाव. फुकट. ए-वन आणि ए-टू मिळून १५० तास. पूर्ण केलं की नागरिकत्वासाठी वेगळी भाषेची परीक्षा नको. म्हणजे नुसता स्वार्थ बघितला तरी फायद्याचाच सौदा! वर्गात एक बांगलादेशी दुकानदार, दोन नेपाळी, एक युक्रेनियन बाई बाळाला घेऊन, एक पंजाबी ट्रकवाला. आयटीवाला मी एकटा. दिवसभर उभ्याने काम करून आलेली माणसं पेंगत पेंगत भूतकाळ शिकत होती.

सोपं नाही, हेही सांगतो. इथले लोक स्वर गिळतात. ‘तेलेफोन’ लिहितात आणि ‘त्लफॉन्’ म्हणतात. ज्या हिरव्या घुबडाच्या अॅपवर सगळे सुरुवात करतात, ते ब्राझीलचं पोर्तुगीज शिकवतं; तिथे ट्रेन म्हणजे ‘त्रें’, इथे ‘कोंबॉयु’. पण मराठी माणसाला एक गोष्ट आयती मिळते. ह्यांच्याकडे ‘तू’ला तूच म्हणतात! आणि वडीलधाऱ्याला ‘तू’ म्हटलेलं चालत नाही. तिथे ‘उ सेन्योर’, ‘आ सेन्योरा’ म्हणून तृतीय पुरुषी बोलायचं. "बाईंना चहा हवा का?" असं बाईंनाच विचारायचं. इंग्रजांना हे शिकायला वर्ष लागतं. आपल्याला आईने कान धरून शिकवलेलं असतं.

पहिल्या सहा महिन्यांनंतर एकदा तिसऱ्या मजल्यावर बेल दाबली. माफी मागायची होती, वाक्यं घोकून गेलो होतो. आजींनी मधेच थांबवलं, आत बसवलं, कॉफी टाकली. आणि आजोबा बोलायला लागले.

१९६६ मध्ये, एकोणीस वर्षांचे असताना, ते देश सोडून पळाले होते. ‘आ साल्तु’ म्हणतात त्याला, म्हणजे उडी मारून. कागदपत्रांशिवाय, स्पेन ओलांडून, पिरेनीजच्या डोंगरातून रात्री चालत फ्रान्समध्ये. का? तर सालाझारच्या लष्करात भरती होऊन अंगोला, गिनी किंवा मोझांबिकमध्ये लढायला जायचं नव्हतं. साम्राज्यासाठी मरायचं नव्हतं. (गोव्यावरून मला सुनावणाऱ्या मित्राने हे वाक्य परत एकदा वाचावं.) पॅरिसबाहेर शाम्पिन्यीच्या झोपडपट्टीत राहिले, गुडघाभर चिखलात, पत्र्याखाली. बांधकामावर विटा वाहिल्या. फ्रेंच कसं शिकलात, म्हणून विचारलं. म्हणाले, मुकादमाच्या शिव्यांपासून.

मी गप्प बसलो. ओदमीरावाला पोरगा आठवला.

निघताना आजींना विचारलं, दोन वर्षं मला काही कळत नाही हे माहीत असून जिन्यात एवढं काय बोलायचात? म्हणाल्या, "पॅरिसमध्ये आमच्याशी कुणी बोलायचं नाही. तुला तसं वाटू नये म्हणून."

तर, पुण्याच्या त्या मुलाला, ज्याचा मूळ प्रश्न शंभर स्मायल्यांखाली गाडला गेला :

हो. शिकावं लागेल. कायद्याने नाही, कंपनीच्या सांगण्याने नाही. कुणी दंडुका घेऊन मागे लागावं असंही मी म्हणत नाही. पुण्यातही त्याने भाषा वाढत नाही आणि इथेही वाढणार नाही. पण ज्याच्याकडे पैसा आहे, शिक्षण आहे, शनिवार-रविवार मोकळा आहे, त्याने "वेळ नाही" म्हणू नये. निघायच्या आधी तीन महिने रोज वीस मिनिटं दे. शक्यतो पोर्तुगालचे उच्चार असलेलं काहीतरी ऐक. आल्यावर पहिल्या महिन्यात निफ काढशीलच, त्याच आठवड्यात वर्गाचीही चौकशी कर. बायकोलाही पाठव, नाहीतर ती घरात कोंडली जाईल आणि तुला कळणारही नाही. मुलगी तुमच्याआधी शिकेल. तिला डॉक्टरकडे दुभाषी म्हणून नेऊ नकोस.

आणि आमच्या सहा वर्षंवाल्या मित्राला : माझ्या वर्गाची नवी तुकडी सुरू व्हायची आहे. नाव घालायला मी बरोबर येतो. फॉर्म पोर्तुगीजमध्ये आहे, तो भरून देतो. पण हे शेवटचं हं, पुढचा तुझा तू भरायचास.

आता बिर्याणी मागवतो. त्या पोराला परत कधी पाहिलं नाही, नावही विचारायचं राहिलं. ग्रुपवर ह्या लेखाचा दुवा टाकणार आहे. शिव्या मराठीत घाला. पोर्तुगीजमध्ये घालता आल्या तर जास्त आनंद होईल.